डोहातलं जहाज

आम्हाला बोलावतात ते माणूस बुडाल्यावर. गोदावरीत, धरणात, खाणीच्या खड्ड्यात, कुठंही. आम्ही पोहोचेपर्यंत जीव वाचवायची वेळ टळून गेलेली असते, आम्ही फक्त वर काढतो. त्यामुळे इगतपुरीकडच्या एका धरणावरच्या मासेमारीच्या ठेकेदाराचा फोन आला आणि तो म्हणाला, "बॉडी नाहीये मॅडम, झाड आहे," तेव्हा मला बरंच वाटलं. झाडाला नातेवाईक नसतात.

सकाळी मी नाशिकमध्ये पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते. सुट्टीच्या दिवशी आणि फोन येईल तेव्हा दादांबरोबर जाते. दादा माझे नात्याचे कुणी नाहीत. ते अग्निशमन दलात होते, आता निवृत्त झालेत. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन गढूळ पाण्यात कसं उतरायचं, घाबरल्यावर श्वास कसा सावरायचा, हे त्यांनी मला शिकवलं. माझा रबरी सूट घरात कुणी ठेवू देत नाही. सासूबाई म्हणतात, त्याला मसणाचा वास येतो. तो गच्चीवर वाळतो.

ठेकेदाराचं म्हणणं असं होतं की दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याची जाळी एकाच जागी फाटतात. तळाशी मोठं झाड उभं असणार. आम्ही खाली जाऊन त्याला दोर बांधायचा, पुढचं तो ट्रॅक्टर लावून बघणार.

मे महिना होता. धरण इतकं आटलं होतं की बुडालेल्या जुन्या गावाचे चौथरे उघडे पडले होते. चिखल वाळून तडकला होता. काठावर उंचवट्याला पत्र्याची एक खोप होती. आम्ही गाडीतून सिलिंडर उतरवायला लागलो तशी त्या खोपीतून एक म्हातारी बाई खाली आली आणि आमच्यापासून बऱ्याच लांब, एका दगडावर येऊन बसली. तिच्या शेळ्या मागं मागं आल्या.

मी तिला हात केला. तिनं तोंड फिरवलं.

ठेकेदार म्हणाला, "तिच्या नादी लागू नका. तिच्याशी गावात कुणी बोलत नाही."

"का?"

"काय माहीत. मी सायखेड्याचा. यांचं काहीतरी जुनं आहे."

जागा शोधायला फार वेळ लागला नाही. ठेकेदाराच्या होडीतून आम्ही लोखंडी गळ दोराला बांधून तळावरून ओढत फिरलो. जुन्या नदीचा डोह जिथं होता, तिथं गळ अडकला आणि सुटेना. हाच भाग उन्हाळ्यातही कधी उघडा पडत नाही. दादांनी दोर माझ्या हातात दिला. "जा, बघून ये. घाई करू नको."

वरचं पाणी हिरवं असतं, त्याखालचं चहासारखं, आणि त्याखाली काहीच नसतं. टॉर्च लावला तर समोर नुसती तपकिरी भिंत दिसते. म्हणून आमचं काम डोळ्यांचं नाही, हातांचं आहे. मी दोराला धरून उतरत गेले आणि माझा हात एका खांबाला लागला. गोल, गुळगुळीत. साल नाही. फांदी नाही. मी खांब धरून खाली सरकले. एका ठिकाणी लोखंडी कडी होती. आणखी खाली पाय फळीला लागले. फळीला फळी लागून होती आणि त्यांच्या सांध्यावर ओळीनं खिळ्यांची डोकी होती.

झाडाला असे ओळीनं खिळे कुणी मारत नाही.

मी फळ्यांच्या कडेनं हात फिरवत गेले. बाजू वळत वळत निमुळती झाली, टोकाला आली, आणि पलीकडून परत मागं गेली. मग मला कळलं की मी कशाच्या पोटात उभी आहे. माझा श्वास एवढा जोरात चालू झाला की बुडबुडे बघून दादांनी वरून दोराला दोन हिसके दिले. ठीक आहेस का, असं विचारायची ती खूण.

वर आल्यावर तोंडातली नळी काढून मी ओरडले, "दादा, झाड नाही. नाव आहे! शिडाची नाव. खांब नाही तो, डोलकाठी आहे."

"इथे? धरणात?"

"हात लावून आले."

ठेकेदारानं विचारलं, "निघेल ना पण?"

पाण्यावरून आवाज लांब जातो. म्हातारी दगडावरून उठून उभी राहिली होती. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग शेळ्यांना तिथंच टाकून वर खोपीकडे निघून गेली.

दुपारी गावातल्या एका ओट्यावर आम्ही डबे उघडले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसले होते. पांढरं धोतर, स्वच्छ टोपी, हातात कातरलेली सुपारी. तळाला शिडाची नाव आहे म्हटल्यावर ते जराही चकित झाले नाहीत.

"सापडलं का जहाज?" ते म्हणाले. "आमी जहाजच म्हनायचो. दर्या कुनी पाह्यलाय हितं!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. चवीनं सांगितलं, मध्ये मध्ये सुपारी चघळत. धरण भरलं तेव्हा गाव उठून वर टेकडीवर आलं, पण शेतं आणि बाजाराची वाट पलीकडच्या काठाला राहिली. तेव्हा घाटाखालून एक माणूस आला, बायको आणि लहान पोरगी घेऊन. त्यानं समुद्रावरच्या नावा बांधल्या होत्या. गावानं सागाचं लाकूड दिलं आणि त्यानं काठावरच ही नाव उभी केली. घाटाचा वारा शिडात भरला की बाजाराची माणसं, पोती, कोंबड्या, सगळं पलीकडे जायचं. काही वर्षं चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी, वारा बेताचा असताना, भर डोहावर नाव बसली.

"बसली म्हणजे?"

"बसली. कलंडली नाय, फुटली नाय. खाली बसली. बाया, पोरं, सगळी गेली. त्याची बायको पन गेली. तो तेवढा पोरीला काखेत मारून काठाला आला. सोताची पोर बरी वाचवली."

दादांनी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"काय म्हनंल? म्हने पाटलांनी जुन्या देवळाचे दगड भरले व्हते. पलीकडं शेतावर नवं घर बांधायचं व्हतं, त्याच्या जोत्याला. म्हने मी नको नको म्हनत व्हतो." म्हातारे हसले. "पाटील देवमानूस. गावदेवीचं दगड जोत्याला लावील व्हय? मग सगळ्यांसमोर त्याच्या पोरीलाच इचारलं. नावंत बसली व्हती ना ती. म्हनलं, सांग पोरी, दगड व्हते का? ती म्हनली, नाय."

"केवढी होती ती?"

"असंल. परकर घालायची."

नंतर जे झालं ते सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, हे मला जास्त लागलं. नावाड्याला गावातून हाकलला नाही. हाकलला असता तर तो सुटला असता. काठावर खोप बांधून दिली आणि तिथंच राहायचं, असं ठरलं. विहीर बंद, न्हावी बंद, दुकान बंद. आणि दरवर्षी त्या दिवशी सगळं गाव काठावर जमायचं. नावाड्याला पाण्यात गुडघाभर उभं करायचे, शेजारी पोरीला. ज्या ज्या घरातलं माणूस गेलं होतं, त्या घरानं एकेक करून पुढं यायचं आणि विचारायचं, माझं माणूस कुठंय? त्यानं सांगायचं, पाण्यात. सगळी घरं होईपर्यंत. पहिल्या वर्षी तो म्हणाला, पाटलाला विचारा. त्या वेळी त्याला इतका मारला की नंतर तो फक्त 'पाण्यात' म्हणायला शिकला.

"अजून होतं हे?" मी विचारलं.

"छे. आता कोन हाय? पोरं नाशकाला कंपनीत गेली. इचारनारी मानसं मेली."

म्हणजे दया कुणाला आलीच नव्हती. माणसं संपली म्हणून प्रथा संपली.

"आणि ती मुलगी?"

त्यांनी सुपारीच्या हातानं काठाकडे दाखवलं. "ती काय. तिला कोन करनार?"

माझा डबा तसाच राहिला.

दुसऱ्या उतरणीला दादा आणि मी दोघं खाली गेलो. मी उजव्या हातातला मोजा काढून ठेवला होता. नावेच्या पोटात गाळ भरला होता, मऊ, थंड, खांद्यापर्यंत हात जाईल एवढा. मी उकरत गेले. आधी काकणं लागली, काचेची, एकात एक अडकलेली. ती मी तशीच सोडली. मग पितळेचा गडू. आणि त्याच्याखाली दगड.

नदीतला दगड हाताला कळतो. त्याला कोपरे नसतात. याला होते. काटकोनात घडवलेला, घासून सपाट केलेला. त्याच्या बाजूला दुसरा. मी बोटं फिरवली तर कडेवर पाकळ्या लागल्या, एकीला लागून एक, पूर्ण कमळ. अंधारात मी ते बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपलं. दादांनी माझा हात धरून आपल्याकडे नेला आणि दुसऱ्या जागी ठेवला. तिथंही दगड. मग आणखी पुढं. सगळ्या तळाला, टोकापासून टोकापर्यंत, नीट रचून ठेवलेले. पाण्याच्या ओढीनं येऊन पडलेले नव्हते ते. कुणीतरी, एकट्याला न झेपणारे ते दगड, दोघा-चौघांनी उचलून, जागा बघून, शिस्तीत लावले होते. त्यावर काहीतरी अंथरलं असणार आणि माणसं बसवली असणार.

वर येऊन होडीनं काठाला आलो तेव्हा म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगडं भिजलेलं. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"दगड हायेत का?"

खोटं बोलायचं काही कारण मला दिसलं नाही. म्हटलं, "आहेत."

"नदीचे?"

"नाही. देवळाचे. कमळं कोरलेली आहेत."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दादा मनानं फार चांगले आहेत, त्यांना वाटलं ही आयुष्यभर याच शब्दाची वाट बघत असणार. ते पाण्यातून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आजी, तुमचे वडील खरं बोलत होते."

तिनं दादांकडे असं पाहिलं की ते थबकले.

"तुमाला कुनी इचारलं?" ती म्हणाली. आणि वळून चालायला लागली. चिखलात तिचा तोल गेला, मी पुढं झाले, तर तिनं माझा हात झटकला.

ठेकेदारानं संध्याकाळपर्यंत सरपंचांना कळवलं. हे सरपंच म्हणजे त्या पाटलांचे नातू. आम्ही सांगत होतो, नाव जुनी आहे, दगड जुने आहेत, आधी सरकारी खात्याला कळवा, काही हलवू नका. ते सगळ्याला "हो हो" म्हणाले. दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला, गाव दगड बाहेर काढतंय, तुम्ही नसलात तर पोरं अशीच उड्या मारतील. पोरं बुडाली तर आम्हालाच यावं लागणार होतं. आम्ही गेलो.

काठावर मंडप होता. बँड होता. आम्ही खाली एकेका दगडाला पट्टे बांधत होतो, वरून ट्रॅक्टर ओढत होता. पहिला कमळाचा दगड पाण्याबाहेर आला तेव्हा बायकांनी ओवाळलं. पहिलं कुंकू लावायचा मान गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला दिला. तेच ते, बाजेवरचे म्हातारे. दोघांनी त्यांना धरून आणलं. त्यांनी दगडाला कुंकू लावलं, फूल वाहिलं, डोकं टेकवलं. त्यांचा हात स्थिर होता.

मग सरपंचांनी माइक घेतला.

"आपली आई इतकी वर्षं पाण्यात होती," ते म्हणाले. "आपल्या देवळाचे दगड कुणी चोरले हे माझ्या आजोबांना माहीत होतं, पण पुरावा नव्हता. त्या घाटाखालच्या नावाड्यानं रातोरात देवळाचे दगड नावेत भरले, पलीकडे नेऊन विकायला. देवीला ते सहन झालं नाही. तिनं नाव बुडवली. आज पुरावा आपल्यासमोर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून सूटमध्येच होते, अंगावरून गाळ निथळत होता. मला राहवलं नाही. मी मंडपापाशी जाऊन म्हटलं, "सरपंच, दगड भरलेत हे त्या नावाड्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चोर स्वतः सांगेल का? आणि त्यासाठी त्याला तुम्ही मारलंत."

सरपंच रागावले नाहीत. हसून, माइक खाली धरून म्हणाले, "मॅडम, पाण्यातलं तुम्ही बघा. जमिनीवरचं आम्ही बघतो." मग कुणाला तरी सांगितलं, "मॅडमना चहा द्या."

मी त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते कपाळाचं कुंकू पुसत होते, टोपीला लागू नये म्हणून.

नाव सगळ्यात शेवटी काढली. काढली म्हणजे काय, ओढली. दादा हात जोडून सांगत होते, असं ओढू नका, फुटेल. ठेकेदाराला जाळ्यांची जागा मोकळी हवी होती. डोलकाठी आधी मोडली. मग एक बाजू आली, मग मागचा भाग. इतकी वर्षं पाण्यानं जे धरून ठेवलं होतं ते ट्रॅक्टरनं दुपारच्या आत फोडलं. फळ्यांचा ढीग काठावर टाकला आणि सगळे जेवायला गेले. वर खोपीचं दार त्या दिवशी उघडलंच नाही. नवं देऊळ त्याच उंचवट्यावर होणार होतं. खोप हलवावी लागेल, हे मला एका बाईनं पत्रावळ लावता लावता सांगितलं.

पावसाच्या आधी मी एकदा एकटीच गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. आपण सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं ते बघायला, असं म्हणता येईल.

ती खोपीबाहेर चुलीपाशी बसली होती. चुलीत नावेची फळी होती. खिळ्यांच्या भोकांतून धूर येत होता. बाजूला ढिगातल्या बऱ्याच फळ्या आणून, कुऱ्हाडीनं तोडून रचल्या होत्या.

मी म्हटलं, "हे जाळताय? वडिलांच्या हातचं काम आहे."

"मग काय करू? पूजू?" ती म्हणाली. पण बस, असंही म्हणाली. चहाचं भांडं ठेवलं.

चहाला आधण आलं. मग तिनं माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"मी खोटं नाय बोलले, ताई. मला दगड दिसलेच नाय. पोती अंथरली व्हती. आईच्या मांडीला लागून मी पोत्यावर बसले व्हते. पाटलानं इचारलं, दगड दिसले का? मी म्हनले, नाय. पोती व्हती."

"तुम्ही लहान होता."

"बाप मला एक शब्द बोलला नाय त्या दिवशी. मग रोज बोलला. जेवताना रोज. आठव म्हनायचा. पाय कशावर व्हते तुझे? कडक लागत व्हतं का? गार लागत व्हतं का? मी म्हनायचे, पोती व्हती. तो म्हनायचा, पोत्याखाली? मी म्हनायचे, मला काय ठावं. रोज. मोठी झाले तरी रोज. मला वाटायचं, सोताच्या हातानं बायको बुडवली आन आता माझ्या तोंडानं खोटं वदवून घ्यायचंय ह्याला. मी त्याच्याशी बोलनंच सोडलं. भाकरी पुढ्यात टाकायचे, बास. त्यो दगड भरनाऱ्यांची नावं घ्यायचा. त्यातलाच एक कुंकू लावत व्हता ना तुमच्या म्होरं. पत्र्याच्या फटीतून बघितला मी."

चहा उतू गेला. तिनं भांडं खाली घेतलं नाही, मी घेतलं.

"मरायच्या वक्ताला त्याला उठता येत नव्हतं. तवाबी तेच. पोरी, गार लागत व्हतं का गं? तेवढं सांग." ती थांबली. "हितं दुसरं कोन व्हतं ऐकायला? पाटील नव्हता, गाव नव्हतं. मी नुसतं हो म्हनले असते. मानूस सुखानं गेला असता. मी म्हनले, पोती व्हती, बाबा. पोतीच व्हती."

तिला माझ्याकडून काही नको होतं.

"तुमी नसतं सांगितलं," ती म्हणाली, "तर मी खरी व्हते."

वाऱ्याची दिशा बदलली आणि धूर माझ्या तोंडावर यायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं फुंकणीनं चूल सावरली, एक फळी बाहेर ओढून उलटी करून आत सारली.

"वलं हाय अजून. लय धूर करतं," ती म्हणाली, आणि तिच्या शेजारचं पोतं झटकून माझ्यासाठी सरकवलं. "अशा हिकडून बसा."